पिन पार्वती पहिल्यांदा: सह्याद्रीच्या पायांनी हिमनदीवर

सार पास झाला, हम्प्ता झाला, आता पुढचा कुठला? ट्रेकर मंडळींच्या कट्ट्यावर या प्रश्नाला हमखास येणारं एक उत्तर म्हणजे पिन पार्वती. कुल्लूच्या हिरव्यागार पार्वती खोऱ्यातून निघायचं, ५,३१९ मीटर उंचीची बर्फाळ खिंड ओलांडायची आणि पलीकडे स्पितीच्या उघड्याबोडक्या पिन खोऱ्यात उतरायचं. शंभर-एकशेदहा किलोमीटरची चाल आणि दहा-अकरा दिवस. सर लुई डेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८४ च्या ऑगस्टमध्ये स्पितीत जायची दुसरी वाट शोधताना ही खिंड ओलांडली होती. तेव्हापासून वाट फारशी बदललेली नाही. खिंडीच्या दोन्ही अंगांना आजही हिमनदीच आहे, आणि ज्याने फक्त किल्ले केलेत त्याला अगदी नवी असते ती हीच गोष्ट.

मी ही खिंड दुसऱ्या प्रयत्नात ओलांडली. पहिल्या वेळी शेवटच्या कॅम्पवरून परत फिरलो. त्या परत येण्यातून जे कळलं तेच मुख्यतः इथे लिहितोय.

हा ट्रेक आत्ताच करावा का?

माझ्या मते ४,००० मीटरच्या वरचा किमान एक ट्रेक झालेला असावा. सार पास साधारण ४,२०० मीटरचा. युथ हॉस्टेलबरोबर कसोलहून तो केलेली शेकडो मंडळी महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांना निदान विरळ हवेत आपलं डोकं कसं दुखतं ते ठाऊक असतं. सलग आठ दिवस तंबूत राहायची, ओल्या मोज्यांत पाय घालायची आणि रोज सहा-सात तास चालायची सवय हवी. दमा, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आयोजकाच्या छापील फॉर्मवर सही करून मोकळं होऊ नका, डोंगर कळणाऱ्या डॉक्टरशी बोला.

एकट्याने जायचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. पार्वती खोऱ्यात एकेकटे गेलेले अनेक ट्रेकर १९९० च्या दशकापासून बेपत्ता झालेले आहेत. शिवाय हिमनदीवर एकट्या माणसाच्या दोराला दुसरं टोक नसतं.

आयोजक कसा निवडावा

बहुतेक जण आधी पैसे विचारतात. मी आधी दिवस विचारतो.

कार्यक्रमपत्रिकेत राखीव दिवस आहे का? किती, एक की दोन? तो वापरायचा निर्णय कोण घेतं? आमच्या पहिल्या ट्रेकला एक राखीव दिवस होता, पण तो पावसामुळे खालीच, ठाकुर कुआँला खर्च झाला. वरच्या कॅम्पला पोचलो त्या रात्री गुडघाभर बर्फ पडला. गाईडने पहाटे तंबूची चेन उघडली, बाहेर बोट दाखवलं आणि म्हणाला, "सर, आज नहीं. कल देखेंगे." तो "कल" आमच्याकडे नव्हता, कारण आम्ही सगळ्यांनी चंदीगडहून परतीची विमानं काढून ठेवली होती. चूक आयोजकाची नव्हती, हवामानाचीही नव्हती. ऑफिसला फक्त बारा दिवसांची रजा सांगणाऱ्या आमचीच होती. तेव्हा पहिली पायरी ही: रजा दोन दिवस जास्त टाका आणि परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा.

मग बाकीचे प्रश्न. पाच-सहा जणांमागे एक गाईड आहे का, आणि त्यांतल्या किती जणांनी ही खिंड आधी ओलांडली आहे? हिमनदीवर दोर बांधून नेणार का? "गरज पडली तर" या उत्तरावर थांबू नका, दोर किती मीटरचे आणि हार्नेस (दोर अडकवायचे कमरेचे पट्टे) किती हे विचारा. ऑक्सिजनचे सिलिंडर किती? कुणी आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण जाणार, आणि तो गेल्यावर वरच्यांकडे कोण उरणार? या शेवटच्या प्रश्नाला जो चाचरतो त्याच्याबरोबर मी जात नाही.

हमालांबद्दलही विचारा. त्यांच्या पायात काय असतं, त्यांना गॉगल देता का, त्यांचा विमा आहे का, पाठीवर किती किलो? बर्फावर रबरी चपलेत चाललेला पोर्टर पाहिला की आयोजकाने पैसे कुठे वाचवले ते कळतं.

वन विभागाचे परवाने आयोजक काढतात, कारण ही वाट खीरगंगा आणि पिन व्हॅली या दोन राष्ट्रीय उद्यानांतून जाते. तुम्ही त्यांची एक प्रत मागून घ्या. विमा मात्र स्वतः वाचून घ्यायचा. साध्या प्रवास विम्यात ठरावीक उंचीच्या वरचे किंवा दोर आणि बर्फात रोवायची कुऱ्हाड वापरून केलेले ट्रेक बहुधा वगळलेले असतात, आणि ते बारीक अक्षरांत असतं.

आणखी एक. चाल जिथून सुरू होते ते बरशैणी गाव सोडलं की फोनची रेंज जवळजवळ संपते. म्हणून अमेरिकेतल्या चुलतभावाकडून सॅटेलाइट मेसेंजर मागवायची कल्पना अनेकांना सुचते. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय असं उपकरण बाळगणं बेकायदेशीर आहे, विमानतळावरच अडकाल. घरच्यांना सरळ सांगा की आठ-नऊ दिवस फोन लागणार नाही, आणि आयोजकाच्या कार्यालयाचा नंबर देऊन ठेवा.

कधी आणि कुठून

मोसम जुलै ते सप्टेंबर. जुलैत हिमनदीवर हिवाळ्याचा बर्फ जाड असतो, चाल सोपी वाटते, पण भेगा त्याखाली झाकलेल्या असतात आणि खालच्या टप्प्यात पाऊस झोडपतो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बर्फ वितळून भेगा उघड्या पडतात. दिसायला ते भीतिदायक, पण दिसणारी भेग ही न दिसणारीपेक्षा बरी. त्यानंतर नवा बर्फ पडायला लागला की भेगांवर पातळ पापुद्रा धरतो, आणि तो काळ सगळ्यांत फसवा. आम्ही पहिल्यांदा परत फिरलो ते त्याच पापुद्र्यामुळे. मला विचाराल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा.

दिशा कुल्लूकडून स्पितीकडे अशीच घ्या. बरशैणी सुमारे २,२०० मीटरवर आहे, त्यामुळे शरीराला हळूहळू चढायला सहा-सात दिवस मिळतात. उलट बाजूचं मूद गाव ३,८०० मीटरच्या आसपास आहे, तिथून सुरुवात म्हणजे पहिल्याच दिवशी डोकं धरून बसायचं.

तीन महिने आधी

सिंहगड पस्तीस मिनिटांत चढणारे मित्र मला आहेत. त्यांतले दोघे हिमालयात पहिल्या तीन दिवसांतच आडवे झाले. सह्याद्रीत वेगाचं कौतुक असतं: कोण पहिला माथ्यावर पोचला, कोणी किती तासांत राजगड-तोरणा केला. हिमालयात हाच वेग तुमच्याविरुद्ध काम करतो, कारण फिटनेस आणि उंचीशी जुळवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दमसास चांगला असलेला माणूस जास्त वेगाने वर जातो आणि म्हणून जास्त वेळा आजारी पडतो.

तरी तयारी हवीच. आठवड्यातून चार दिवस पाऊण तास पळणं किंवा भरभर चालणं, दोन दिवस जिने. जिने पाठीवर आठ-दहा किलो वजन घेऊन, आणि उतरतानाही वजन घेऊनच. गुडघे उतारावर जातात, चढावर नाही. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी महिन्यातून एकदा लांबची चाल करावी. राजगड ते तोरणा छान, किंवा नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, जिथे मोठाल्या धोंड्यांवरून तोल सांभाळत चालावं लागतं. खिंडीच्या अलीकडच्या मंतलाई तळ्याच्या पुढे तासन्‌तास तेच करायचं आहे, फक्त धोंडे हलतात. घसाऱ्यावर उतरायची ज्याला सवय आहे तो तिथे शहरी पाहुण्यांपेक्षा खूप पुढे असतो. एवढं एक श्रेय सह्याद्रीला द्यायलाच हवं.

शेवटच्या महिन्यात एक सराव करून पाहा. चढावर फक्त नाकाने श्वास घेता येईल एवढ्याच वेगाने चाला. चिडचिड होते, लोक मागून पुढे जातात. ती चिडचिड घरीच संपवून या.

डोंगराची गोडी पुढे न्यायची असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा मनालीतल्या संस्थेचा जवळजवळ महिनाभराचा मूलभूत अभ्यासक्रम उत्तम. या ट्रेकसाठी तो सक्तीचा नाही.

सामान

यादी आयोजक देतो. मी फक्त जिथे लोक चुकतात तेवढं सांगतो.

बूट. ‘अ‍ॅक्शन’चे बूट घालून आम्ही सगळा सह्याद्री पालथा घातला, कातळावर त्यांच्यासारखी पकड नाही. पण हिमनदीवर ते चालत नाहीत. ते मऊ असतात, घोट्याला आधार देत नाहीत आणि बर्फात पकडीसाठी बुटाखाली लावायचे लोखंडी काटे त्यांच्यावर नीट बसत नाहीत. घोट्याच्या वर येणारे, कडक तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट घ्या. जाड मोजा घालून पुढे बोटं हलली पाहिजेत. आणि दीड महिना आधीपासून वापरा. नव्या बुटांनी आलेला फोड तिसऱ्या दिवशी ट्रेक संपवतो.

गॉगल. स्वस्त घेऊ नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. बाजूने झाकलेला, श्रेणी ४ किंवा निदान ३ ची काच असलेला गॉगल लागतो. ढग असले तरी तो काढायचा नाही. हिमांधळेपणा लगेच जाणवत नाही, सहा-बारा तासांनी डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं, आणि तोवर तुम्ही तंबूत असता. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीच्या खालीही लावा. हसू नका, मी तिथे भाजलोय.

अंगावर सुती काहीही नको, घामाने भिजलं की वाळत नाही. आतला थर, फ्लीस, पिसांचं जाकीट, वारा-पाऊस अडवणारं बाहेरचं कवच, एवढं पुरतं. हातमोजे मात्र दोन जोड, कारण एक हरवतो. उणे १० अंशांना टिकणारी स्लीपिंग बॅग. पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, थंडीत त्या बसतात. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवा: पाणी वरून गोठतं, मग सकाळी तोंड मोकळं राहतं. नळीतून पाणी प्यायच्या पिशव्या वरच्या कॅम्पला निरुपयोगी, नळीच गोठते.

खाण्याचं. जेवण आयोजकाचं असतं आणि डोंगरात ते आश्चर्य वाटावं इतकं चांगलं असतं. पण ४,००० मीटरच्या वर भूक मरते, आणि राजमा बघून मळमळतं. तेव्हा घरची चव उपयोगी पडते. छोट्या डबीत मेतकूट न्या. गरम मऊ भात, त्यावर मेतकूट आणि स्वयंपाकघराच्या तंबूतून मागून घेतलेलं तूप, एवढं उलटीच्या उंबरठ्यावरच्या माणसालाही जातं. आमच्या कूकने दुसऱ्या दिवशी स्वतः ती डबी मागितली होती. आलेपाक, शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू हे खिशात. लाडू थंडीत दगड होतात, आधी जाकिटाच्या आतल्या खिशात ऊब द्या.

बायकांसाठी: उंचीवर पाळी मागेपुढे होते, तारखेवर विसंबू नका. वापरलेलं सगळं झिपच्या पिशवीत भरून परत आणायचं. हाच नियम ओल्या टिशूंना, आणि तो पुरुषांनाही.

बरशैणी ते मंतलाई

चंदीगड किंवा दिल्लीहून मनालीची रात्रीची बस पकडून भुंतरला उतरायचं. तिथून मणिकरणमार्गे बरशैणी. गावात शिरताच पार्वती-२ जलविद्युत प्रकल्पाचं काँक्रीट दिसतं. हिमालयाचं पहिलं दर्शन असं होतं याचं वाईट वाटतं, पण दोन तासांत ते मागे पडतं.

नकथान, रुद्रनाग करत खीरगंगा, साधारण २,९०० मीटर. तिथलं गरम पाण्याचं कुंड प्रसिद्ध आहे, पायवाटेवर गर्दीही. पुढच्या दिवसापासून मात्र शांतता. टुंडा भुज, म्हणजे भूर्जाच्या झाडांची शेवटची राई. तिथून धबधब्यांच्या समोरून ठाकुर कुआँ, जिथे गद्दी मेंढपाळ भेटतात आणि त्यांचे कुत्रेही. कुत्र्यांना हुसकावू नका, धनगराला हाक मारा. आपल्याकडच्या धनगरवाड्याचा जो नियम तोच इथे.

मग पांडुपूल. पार्वतीच्या खळाळत्या प्रवाहावर प्रचंड शिळा अशा पडल्या आहेत की त्यांचा नैसर्गिक पूल झालाय. भीमाने टाकल्या, असं स्थानिक सांगतात. शिळा उतरत्या आहेत आणि पावसात बुळबुळीत. इथे गाईड दोर लावतात. दोर नको म्हणण्यात शौर्य नाही, आणि बूट काढून अनवाणी जाण्यातही नाही. पाठपिशवीचा कंबरपट्टा मात्र सोडून ठेवा, पडलात तर ती फेकता आली पाहिजे. पुढे नदीतून चालत जायची वेळ आली तरी हेच, आणि नदी सकाळी ओलांडायची. दुपारनंतर वरचा बर्फ वितळून पाणी चढतं.

ओडी थाचच्या कुरणानंतर खोरं रुंद होतं आणि मंतलाईचं पाणी दिसतं. सुमारे ४,१०० मीटर. पार्वती नदीचं हे उगमस्थान मानतात, काठावर त्रिशूळ रोवलेलं शिवाचं ठाणं आहे.

मंतलाईला दोन रात्री हव्यात. कार्यक्रमात एकच असेल तर बुकिंगच्या वेळीच भांडा. कारण इथून वरचा कॅम्प एकदम सात-आठशे मीटर चढतो. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये असा जगभरचा संकेत आहे, आणि या एका टप्प्यात तो मोडतो. काही आयोजक मध्ये एक जादा कॅम्प लावतात, तेही चालेल.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मंतलाईहून मागचा रस्ता तीन-चार दिवसांवर आहे, पण निदान वाट सोपी आणि सतत खाली जाणारी आहे. वरच्या कॅम्पहून पुढे गेलात आणि आजारी पडलात तर आधी आणखी वर चढायचं, खिंड ओलांडायची, मग उतरायचं. म्हणून परत फिरायचा खरा निर्णय खिंडीत नसतो, मंतलाईत असतो. तिथल्या विश्रांतीच्या दिवशी दोन-तीनशे मीटर वर चढून परत खाली या, आणि संध्याकाळी स्वतःला खरं उत्तर द्या: भूक आहे का? झोप लागली का? डोकं दुखतंय ते गोळी न घेता थांबतं का?

विरळ हवेचं गणित

खिंडीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के, पण प्रत्येक श्वासात मिळतो अर्धाच. शरीर जुळवून घेतं, फक्त त्याला दिवस लागतात.

डोकेदुखी, मळमळ, थकवा, गरगर, म्हणजे साधा उंचीचा आजार. नियम एवढाच: लक्षणं असताना आणखी वर झोपायला जायचं नाही. पाणी प्या, दिवसाला तीन-चार लिटर. दारू, झोपेच्या गोळ्या बंद. लक्षणं लपवू नका. आपल्याकडे "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको" हा भिडस्तपणा फार असतो, आणि हिमालयात तो माणसं मारतो.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला थांबत नाही, आडवं झालं की गुदमरतं: फुप्फुसात पाणी होतंय. माणूस बरळतो, चिडतो, दारू प्यायल्यासारखा चालतो: मेंदूला सूज येते आहे. चाचणी सोपी आहे, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत तीन मीटर चालायला सांगा. तोल गेला तर तो माणूस तेव्हाच खाली न्यायचा, रात्र असली तरी, सकाळची वाट न पाहता. ऑक्सिजन आणि इंजेक्शन हे खाली नेईपर्यंतचा वेळ देतात, खाली नेण्याला पर्याय होत नाहीत.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या आजारावरची गोळी, घ्यावी का? डॉक्टरना विचारून. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर डॉक्टरशी बोलल्याशिवाय हातही लावू नये. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार उठावं लागतं आणि सोडा बेचव लागतो. ऑक्सिमीटरचा आकडा घरच्या ९८ शी ताडून घाबरू नका. ४,००० मीटरच्या वर ८०-८५ दिसणं नेहमीचं आहे. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

दोर, काटे, कुऱ्हाड

वरच्या कॅम्पला किंवा त्याआधी गाईड अर्ध्या दिवसाचा सराव घेतात. थंडी असते, लोक चहा घेत फोटो काढतात. तुम्ही पुढे उभे राहा.

हार्नेस कमरेच्या हाडाच्या वर, जाकिटाच्या बाहेर, पट्टा बकलातून परत फिरवून घट्ट. बांधून झाल्यावर शेजाऱ्याने तुमचा तपासायचा, तुम्ही त्याचा. कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) स्क्रू बंद आहे का, हे हाताने दाबून पाहायचं, डोळ्यांनी नाही.

काटे दोन प्रकारचे. मायक्रोस्पाइक्स म्हणजे रबरात बसवलेले छोटे दाते, घट्ट बर्फाच्या सौम्य उतारावर पुरतात. क्रॅम्पॉन लांब दातांचे, कडक निळ्या बर्फासाठी. मला एका आयोजकाने फाटलेल्या रबराचे स्पाइक्स दिले होते आणि ते मी नेमके खिंडीच्या सकाळी पाहिले. तुम्ही कसोललाच पिशवीतून काढून बुटावर चढवून पाहा. काटे लावल्यावर पाय थोडे फाकून चालायचं, नाहीतर एका पायाचे दाते दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. पाऊल सपाट टाकायचं, सगळे दाते एकदम रुतले पाहिजेत. खालून बर्फाचे गोळे चिकटले की कुऱ्हाडीच्या दांड्याने बुटावर टकटक करायची.

आता दोर. हिमनदी ही सरकती गोष्ट आहे. खालचा डोंगर वळला किंवा उतार वाढला की वरचा बर्फ फाटतो, त्या भेगा म्हणजे क्रेव्हास. वर बर्फ साचून त्यावर पूल तयार होतो. तो कधी हत्ती पेलतो, कधी तुमचा पाय पेलत नाही. म्हणून चार-पाच जण एका दोरात, दोघांत आठ-दहा मीटर अंतर. दोर मध्ये जेमतेम बर्फाला टेकेल इतपतच सैल. हाताला त्याचे वेढे घ्यायचे नाहीत, कारण झटका बसला तर बोटं जातील. काट्यांनी दोरावर पाय द्यायचा नाही. आणि फोटोसाठी पुढच्याजवळ जायचं नाही, हे सगळ्यांत अवघड! दोर सैल पडून दोघे एकाच पुलावर उभे राहिले तर दोराचा उपयोग शून्य. पुढचा पडला तर विचार करायचा नाही: मागे झुकून खाली बसा, टाचा आणि कुऱ्हाड रुतवा, ओरडा. पुढचं काम गाईडचं.

खिंडीचा दिवस

रात्री दोन-तीनला उठवतात. थंडीत हे क्रूर वाटतं, पण कारण साधं आहे: रात्रीच्या गारठ्याने बर्फ आणि त्यावरचे पूल घट्ट होतात, ऊन लागलं की मऊ पडतात. सूर्य चढायच्या आत भेगांचा पट्टा मागे टाकायचा असतो. कपडे संध्याकाळीच क्रमाने लावून ठेवा, हार्नेस घालून पाहा. भूक नसली तरी काहीतरी गरम पोटात घाला.

चाल: एक पाऊल, मागचा गुडघा सरळ करून क्षणभर थांबणं, एक श्वास, पुढचं पाऊल. इतकं हळू की लाज वाटेल. गाईडच्या पावलांच्या खुणांतच पाय टाका, बाजूला एक फूटसुद्धा नाही. शेवटचा चढ खूप तीव्र नाही, पण संपत नाही. प्रत्येक उंचवटा खिंड वाटतो आणि त्यामागे आणखी एक असतो. मी शंभर पावलं मोजत होतो, मग पन्नास, शेवटी वीस.

वर दगडांची रास, फडफडणाऱ्या पताका, आणि दोन वेगवेगळी जगं. मागे ढगांचे लोळ, पुढे स्पितीचे तांबूस-करडे डोंगर. वीस मिनिटांच्या वर थांबू नका. उतार अजून बाकी आहे, तोही हिमनदीवरून, आणि आता बर्फ मऊ होत चाललाय. गाईडने सांगेपर्यंत दोर सोडायचा नाही. बर्फावरून बसून घसरत जायचा मोह होतो. गाईड म्हणेल तिथेच, आणि काटे काढूनच. काट्यासकट घसरणाऱ्याचा घोटा मोडतो.

पलीकडे

पुढचे दोन दिवस पिन नदीच्या काठाने. झाड नाही, सावली नाही, वारा सतत. नशीब असेल तर कड्यावर आयबेक्स, म्हणजे रानबकरे, दिसतात. मूद हे पहिलं गाव, हिरव्या वाटाण्याची शेतं आणि पांढरी चौकोनी घरं. तिथे चहा पिताना हमाल आणि कूकची बक्षिसी द्या, गटाने एकत्र करून, प्रत्येकाच्या हातात. पुढे काझाला, स्पितीच्या मुख्य गावी, गाड्या लागल्या की सगळे पांगतात.

काझाहून परतायच्या दोन वाटा. कुंझुम ला ही खिंड ओलांडून अटल बोगद्यातून मनाली, ही जवळची, पण दरडी आणि नाले अनेकदा अडवतात. दुसरी ताबो, रिकाँग पिओ करत शिमला, लांब पण सहसा चालू. तुमच्या गटात परदेशी पासपोर्टवाले मराठी पाहुणे असतील तर या दुसऱ्या वाटेच्या एका टप्प्यासाठी त्यांना वेगळा परवाना लागतो, तो काझातच काढून घ्या. रस्ता बंद पडला तर राहिलेला राखीव दिवस इथे कामाला येतो. नाही पडला तर काझात थांबा, आंघोळ करा आणि बूट उन्हात पसरा.